दीपगृहापाशी मोत्या

फोनच्या पडद्यावर मोत्या आला आणि भरतच्या हातातला स्क्रूड्रायव्हर खाली पडला.

नारायणगावच्या बाजारात त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. गिऱ्हाईक नसलं की तो गेम उघडून बसे. गेम जुनाच, जपानी. कंपनीनं यंदा तो नव्या रूपात काढला होता, फोनवरही खेळता यायचा.

लहानपणी भरत आणि त्याचा धाकटा भाऊ ऋतिक हाच गेम टीव्हीला जोडून खेळायचे. दादाभाऊ, म्हणजे त्यांचे वडील, पलीकडं बाजेवर पाठ फिरवून पडलेले असायचे. जपानी अक्षर एक कळत नसे, पण काही अडायचं नाही. या गेमला ठरलेली वाटच नव्हती. कुठूनही सुरुवात करा, कुठंही जा, गोष्ट तशी वळत जाते. बाकीची पोरं आधी राजवाडा गाठायची. हे दोघं थेट दक्षिणेच्या दीपगृहाकडं निघायचे. तिथं तलवार खाली ठेवून उभं राहिलं की एक म्हातारा नावाडी येतो, हे त्यांनी आपलं आपण शोधलं होतं. दोन वीर होते. एकाला आजोबांचं नाव, कुशाबा. दुसऱ्याला दारच्या कुत्र्याचं, मोत्या. कुणी कोण व्हायचं यावरून रोज मारामारी.

ऋतिक बारावीला नापास झाला आणि दादाभाऊंनी तो गेम उचलून विहिरीत टाकला. सकाळी ऋतिक घरात नव्हता. नातेवाईक झाले, पोलीस झाले, पुणं-मुंबई पालथी घालून झाली. वर्षं गेली. दादाभाऊंनी पुन्हा त्याचं नाव काढलं नाही, दुसऱ्या कुणाला काढू दिलं नाही.

नवा गेम आल्याचं कळताच भरतच्या मनानं घेतलं, ऋतिक जिथं असेल तिथं हा खेळणारच. यात लांबलांबचे खेळाडू एकमेकांना भेटत, निरोप लिहीत. भरतनं कुशाबा नाव घेतलं आणि दीपगृहापाशी जाऊन थांबू लागला.

आणि आज मोत्या आला होता. आला, तलवार खाली ठेवली, उभा राहिला.

घरातलं माणूस सोडलं तर हे कुणाला ठाऊक?

भरतनं लिहिलं, ‘कुठं आहेस?’

‘तू कुठं आहेस?’ उत्तर आलं.

‘बरा आहेस ना?’

‘मी बरा. तू वेळेवर जेवतोस ना?’

भरतनं शटर अर्धं ओढलं आणि पोटभर रडून घेतलं.

संध्याकाळी त्यानं आईच्या कानावर घातलं. सुंदराबाईंच्या हातातली भाकरी तव्यावर करपली.

“आवाज ऐकलास त्याचा?”

“न्हाई. लिवतो फकस्त. जेवतोस का, इचारतो.”

पदर तोंडावर दाबून त्यांनी तवा खाली उतरवला. मग म्हणाल्या, “ह्यांला सांगू नगंस. पोरगं पुन्यांदा जाईल.”

भरतलाही तीच भीती होती. तरी दादाभाऊ दुकानात आले तेव्हा त्याच्यानं राहवलं नाही. बंद केलेला फोन काउंटरवर ठेवत ते म्हणाले, “ह्याला काय झालंय बघ. लई तापतोय. चार्जिंग बी टिकंना.”

“अण्णा, किती वापरता?”

“बाजारभाव बघतो. दुसरं काय?”

बॅटरी बदलता बदलता भरत म्हणाला, “अण्णा, समजा ऋतिक आला तर?”

दादाभाऊंनी नजर रस्त्याकडं वळवली. “उरक लवकर. मला द्राक्षाला पाणी द्यायचंय.”

भरतचं डोकं फिरलं. एवढ्या वर्षांत या माणसाला पाझर फुटला नाही. त्यानं फोनचं झाकण दाबून बसवलं.

दीपगृहापाशी मोत्या रोज येऊ लागला. बोलणं मोजकंच.

‘अजून राग आहे का?’ भरतनं एकदा विचारलं.

‘राग कधीच गेला. तुझा?’

‘माझा नव्हताच.’

लाटा दीपगृहावर आपटत होत्या.

‘भेटायचं?’ भरतनं लिहिलं.

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. ‘डिंभ्याला ये. धरणापाशी. घरी कुणाला कळवू नको.’

अण्णांना भितो अजून, भरतला वाटलं.

ठरल्या दिवशी दादाभाऊ द्राक्षाची औषधं आणायला म्हणून पहाटेच मंचरला गेले होते. ते बरंच झालं. सुंदराबाईंनी शेंगदाण्याचे लाडू बांधून दिले. “त्याला म्हणावं, आई...” एवढंच बोलल्या आणि आत गेल्या.

भरतनं वाटेत नवा निळा शर्ट घेतला आणि दुकानातच अंगात घातला. डिंभ्याला गाडी खाली टपरीपाशी लावून तो वर आला. वारा भन्नाट होता. कठड्यावर, पाण्याकडं तोंड करून तो बसला. लाडवाची पिशवी मांडीवर घेतली आणि फोन उघडला.

‘आलोय. निळा शर्ट.’

क्षणात उत्तर आलं. ‘दिसलास.’

भरतला मान वळवायचा धीर होईना. वळलो आणि तो पुन्हा नाहीसा झाला तर? मागं चपला वाजल्या. जवळ आल्या. थांबल्या. मग एक हात त्याच्या डोक्यावर पडला आणि केसांतून फिरत राहिला.

“रुत्या,” मागून कुणीतरी म्हणालं, “लेकरा, आलास व्हय रं?”

भरत वळला. दादाभाऊ उभे होते. डोक्यावर नवी टोपी, हातातल्या फोनवर मोत्या, आणि चेहऱ्यावरचं हसू अजून मावळायचं होतं.