दोनदा पडलेला शब्द

"पान एकशे बारा! मुडदा पाडलात तुम्ही माझ्या पुस्तकाचा, काका!"

लेखक छापखान्याच्या दारातूनच ओरडला आणि हातातली प्रुफं त्याने मुद्रितशोधकाच्या टेबलावर आपटली. चहाचा कप हिंदकळला. मुद्रितशोधकाने आधी कागद वाचवले, मग कप. तीस वर्षांची सवय होती.

लेखक ऐरागैरा नव्हता. अलीकडच्या लढायांवरची त्याची पुस्तकं हातोहात खपत. आघाडीवरून परतलेल्या जवानांच्या घरी तो दिवस दिवस बसे, त्यांना बोलतं करी आणि वाचणाऱ्याच्या अंगावर काटा येईल असं लिही. म्हणून मालकाने हे काम छापखान्यातल्या या सगळ्यात कडक मुद्रितशोधकाकडे दिलं होतं. त्याला सगळे वेलांटीमास्तर म्हणत. पाठीमागेच म्हणत, पण मास्तरांना ते ठाऊक होतं आणि मनातून बरंही वाटे.

मास्तर आधी नाहीच म्हणाले होते. त्यांचा एकुलता एक मुलगा तीन वर्षांपूर्वी आघाडीवर गेला तो गेलाच. घरी पत्र आलं: तोफगोळा थेट अंगावर पडला, क्षणार्धात मृत्यू आला, वेदना झाल्या नाहीत. बायको अजूनही जेवता जेवता मध्येच विचारी, "अहो, खरंच काही कळलं नसेल ना हो त्याला?" मास्तर म्हणत, "क्षणार्धात लिहिलंय. रफारसुद्धा जागच्या जागी आहे. इतकं शुद्ध लिहिणारा माणूस खोटं कशाला लिहील?" मग ती दोन घास जास्त खाई. त्या एका शब्दावर दोघं जगत होती, दुसरं काय!

शेवटी मास्तरांनी एका अटीवर काम घेतलं. पुस्तक आपण उलटं वाचणार. पानाच्या तळाच्या शब्दापासून सुरू करून वर जायचं, म्हणजे शब्द दिसतात, अर्थ लागत नाही. चुका शोधायला ही जुनी आणि नामी युक्ती. युद्धाचं तोंडही बघायला नको.

शुद्धलेखनाच्या बाबतीत मात्र मास्तर देवालाही सोडणारे नव्हते. वाण्याची यादी लाल पेनातून सुटत नसे. मुलगा लहानपणापासून बोलायचा गोड, पण 'ण' म्हणताना त्याची जीभ काही केल्या वळत नसे. तहान लागली की बापाकडे यायचा. मास्तर पेला उंच धरून विचारायचे, "काय हवं? नीट सांग." पोरगं आधी चुकायचं, मग थांबायचं, जीभ वळवायचं आणि नीट म्हणायचं. मग पेला मिळायचा. मिसरूड फुटलं तरी हा खेळ चालला होता आणि दोघंही पोट धरून हसायचे.

"ओरडू नका," मास्तर लेखकाला म्हणाले. "एकशे बारावर एकच शब्द दोनदा पडला होता. पहिला अशुद्ध, दुसरा शुद्ध. अशुद्ध उडवला, शुद्ध ठेवला. अकरा ठिकाणी. तुमच्या टायपिस्टला डुलकी लागली असेल."

"टायपिस्टचा नाही तो शब्द. त्या पोराचा आहे!"

"कुठल्या पोराचा?" मास्तरांनी खरोखरच विचारलं.

लेखक खुर्चीत बसला. त्याचा आवाज एकदम खाली आला.

"टेकडीवरची चौकी होती. गोळा पडला, बाकीचे जागीच गेले, हा एकटा उरला. कंबरेपासून खाली ढिगाऱ्यात. वायरलेस चालू राहिला होता. खालच्या तळावर चार तास त्याचा आवाज येत होता आणि कुणाला वर जाता येत नव्हतं. ते रेकॉर्डिंग मी स्वतः ऐकलंय, काका. पाणी मागत होता. पण कसं? आधी म्हणायचा 'पानी'. मग थांबायचा. मग म्हणायचा 'पाणी'. दर वेळी असंच. धाप लागली होती तरी. आणि तुम्ही त्याचा तो पहिला शब्दच खोडून टाकलात."

मास्तरांनी पान पुढे ओढलं. पहिल्यांदाच वरून खाली वाचलं. ओळी सरळ होत्या, अर्थ लख्ख होता. मागे छापायचं यंत्र धडधडत होतं, पण मास्तरांना काही ऐकू येत नव्हतं.

"नाव नाही दिलंत त्याचं," ते कसेबसे म्हणाले.

"कसं देऊ? घरच्यांना क्षणार्धात गेला म्हणून कळवलंय. आईबापांना हे वाचायला लावू?"

"आणि... शेवटी?"

"शेवटी एकदाच म्हणाला. पहिल्या झटक्यात बरोबर. 'पाणी.' मग काही नाही."

मास्तरांनी लाल पेनाचं टोपण काढलं. खोडलेल्या प्रत्येक 'पानी'खाली त्यांनी टिंबं दिली. अकरा ठिकाणी. छापखान्याच्या भाषेत त्याचा अर्थ, होतं तसंच राहू द्या.

लेखकाचा राग निवळला. डोळे पुसत तो म्हणाला, "मला एवढंच कळत नाही, काका. मरणाच्या दारात पडलेलं पोर, आजूबाजूला चिटपाखरू नाही. तिथे त्याची चूक काढायला होतं तरी कोण?"

"मी," मास्तर म्हणाले.