चष्मेवाली

माझा नवरा कुठेतरी विसरून आलेली छत्री परत द्यायला एक माणूस दारात आला. त्याची नकली मिशी एका बाजूने सुटून लोंबत होती.

“साहेब आहेत का, ताई?”

“बाहेर गेलेत. मी त्यांची बायको.”

“तुम्ही?” त्याचा चेहराच उतरला. “मग ती चष्मेवाली कोण?”

“ती खालच्या मजल्यावर राहते.”

“घात झाला! ताई, मी खासगी गुप्तहेर. साहेबांनी तुमच्यावर पाळत ठेवायला सांगितलं होतं, आणि मी महिनाभर त्या बाईंच्या मागे फिरलो. काल फोटोसुद्धा देऊन बसलो हो!”

मी छत्री घेतली आणि खुंटीला अडकवली. नवऱ्याला माझा संशय येतो, याचंही मला फारसं काही वाटलं नाही.

“फोटो पाठमोरे असतील,” मी म्हणाले.

“छे! चांगले समोरून काढलेत.”

“मग तुमच्यावर ओरडले असतील.”

“नाही ना! एकेक फोटो उजेडात धरून पाहिला त्यांनी.” मिशी दाबून बसवत तो म्हणाला,



“आणि म्हणाले, ‘हो, हीच. जरा बारीक झालीये.’”