खोबणीतली गाठ

शुद्धीवर येताच इंदुमतीचा हात डाव्या डोळ्यावरच्या पट्टीकडे गेला. नर्सने तो हळूच खाली आणला. "हात लावू नका, ताई."

"आत डोळा आहे का माझा?"

"माझी ड्यूटी आत्ताच लागली. डॉक्टर मॅडम येतील, त्या सांगतील."

आठ महिने थायरॉइडच्या गोळ्या खाऊनही तो डोळा पुढेच येत राहिला होता. शेवटी स्कॅनमध्ये डोळ्यामागे, खोबणीत, क्वचितच होणारी गाठ सापडली. "गाठ डोळ्याच्या नसेत शिरली असेल, तर डोळाच काढावा लागेल. ऑपरेशनमध्ये उघडल्यावरच कळेल," मॅडम म्हणाल्या होत्या. रेशमाचा एकेक धागा पारखून पैठणी विणणाऱ्या इंदुमतीने सही केली होती.

मॅडम आल्या, मागोमाग तिचा नवराही आला. मॅडमनी पट्टी सोडली आणि तिचा उजवा डोळा तळव्याने झाकला. सगळा काळोख झाला.

"घाबरू नका. पापणी सुजलीय, सावकाश उघडा."

काळोखाला राखाडी फट पडली. फट रुंदावली.

"ही किती बोटं?"

"बोटं धूसर दिसताहेत, नाही मोजता येत," ती म्हणाली, "पण मॅडम, तुमच्यामागे हे तोंडावर रुमाल धरून रडताहेत."