फक्कीची रेघ

जेसीबीने फोडलेल्या जलवाहिनीचे कारंजे दुसऱ्या मजल्यावरच्या वाळवणाला भिडले आणि पाणीपुरवठा अभियंता गुंजाळांना घाम फुटला. जलवाहिनीची जागा दाखवणारी फक्कीची रेघ त्यांनीच आखली होती. ती चुकली असेल, तर निवृत्तीच्या तोंडावर निलंबन अटळ होते.

"जलवाहिनी तुमच्या रेघेखाली नव्हतीच," रस्ते विभागाचे साहेब गरजले. "नुकसानीची जबाबदारी तुमची!"

हे ऐकून त्यांचाच मुकादम दुखावला. "काहीतरीच काय, साहेब! सकाळपासून रेघेवरच खोदतोय. बोटभर ढळलो असलो, तर मिशी उतरवीन!"

"अहो, रेघ खोदू नये म्हणून होती," गुंजाळ पुटपुटले.

"असं होय? आमच्यात फक्की पडली की खोदायचंच."

साहेबांना ठसका लागला. गुंजाळांनी मुकादमासाठी चहा सांगितला आणि त्याचा जबाब, मिशीसकट, शब्दशः लिहून घेतला.