कृष्णाची वही

"फसला का पोट्टा?" पद्मिनीबाई चपला काढत होत्या, तेवढ्यात अनंतरावांनी विचारलंच.

"हव," त्या म्हणाल्या.

अनंतरावांना गुदगुल्या झाल्या. रायपूर राजधानी झालं, त्याच वर्षी त्यांनी कॉलेजात मानवतावादी मानसशास्त्राचा वर्ग काढला होता. सल्ला देऊ नका, समोरच्याचं मनापासून ऐका, हे ते तीन वर्षं घसा फोडून शिकवत होते. आणि नाव कोणाचं झालं? तर उरला औद्योगिक वसाहतीतल्या रोलिंग मिलमधली नोकरी सोडून शिकायला आलेल्या कृष्णाचं! मुलांच्या सरावासाठी मन मोकळं करायला येणारी माणसं त्याच्याचकडे बसायला मागत. एकदा तर प्राचार्य सगळ्यांसमोर म्हणाले, "सर, यह लड़का आपसे अच्छा सुनता है।" त्या दिवसापासून अनंतरावांना अन्न गोड लागेना. जळत होते, दुसरं काय!

मग त्यांनी सापळा लावला. बायकोला, पद्मिनीबाईंना, त्यांनी कॉलेजात कधी नेलंच नव्हतं, त्यामुळे तिथे तिला कोणी ओळखत नव्हतं. सासूच्या जाचाची एक खोटी गोष्ट रचून त्यांनी ती तिच्याकडून पाठ करून घेतली आणि दर गुरुवारी तिला कृष्णासमोर बसवलं. महिनाअखेरी मुलांच्या या भेटींच्या नोंदवह्या तपासायला येत. कृष्णानं ती गोष्ट खरी मानून लिहिली, की भर वर्गात त्याचं पितळ उघडं पाडायचं.

आज चौथा गुरुवार होता.

"बोलतो काय तो?"

"काही नाही. ऐकून राहतो नुसता."

"एवढंच? मग लोकं काहून मरतात त्याच्यावर?"

पद्मिनीबाईंनी माळ्याकडे पाहिलं. "अवो, वरची बॅग काढून देता का? मले..."

"देतो, देतो. सासूचं नीट सांगितलं ना?"

स्टुलावर चढून त्यांनी बॅग काढली, फडक्यानं पुसूनही दिली. स्वारी खुशीत होती.

शुक्रवारी संध्याकाळी वह्या कॉलेजातल्या टेबलावर आल्या. बाकीच्या बाजूला सारून अनंतरावांनी कृष्णाची उघडली. नियमाप्रमाणे बाईंचं नाव कुठे नव्हतं. लाल पेन उघडून ते वाचू लागले.

'पहिल्या गुरुवारी बाईंनी सासूच्या जाचाबद्दल सांगितलं. पाठ केल्यासारखं वाटलं. मी गप्प राहिलो. थोड्या वेळानं त्या हसायला लागल्या. म्हणाल्या, सासू तर माझ्या लग्नाआधीच वारली. मग खरं बोलू लागल्या. बावीस वर्षांत एवढं कोणाशी बोलले नव्हते, म्हणाल्या.'

अनंतरावांनी पान उलटलं.

'आज शेवटची भेट झाली. उद्या दुपारच्या गाडीनं त्या वर्ध्याला बहिणीकडे जाणार आहेत. परत येणार नाहीत. घरी सांगितलं का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, माझं ते ऐकत नाही जी. तुमची वही मात्र अक्षर न् अक्षर वाचतीन.'