ओलं पान

करडू मरतं त्या पानावर शर्वाणीच्या डोळ्यांतून पाणी आलं. तशी सगळ्यांच्याच मनगटावर असते तशी तिच्या मनगटावरची पट्टी थरथरली आणि तिचं दुःख गोष्टीसकट पुसलं गेलं.

"बाई, नवीन पुस्तक द्या ना!"

शाळेचं ग्रंथालय सांभाळणाऱ्या साबणेबाईंनी तेच पुस्तक पुन्हा तिच्या हातात ठेवलं. एकदा तरी ते करडू पोरीच्या मनात राहील, ही आशा त्यांनी सोडली नव्हती.

शर्वाणी वाचत वाचत त्याच पानाशी आली. "बाई, हे पान ओलं कसं?"

"तूच रडलीस गं," असं सांगावं म्हणून बाई वळल्या. पण त्यांचेच डोळे भरून आले आणि मनगटावरची पट्टी थरथरली.

बाई हसल्या. "कुणास ठाऊक! नवीनच दिसतंय पुस्तक. वाच, मग मलाही सांग."