दुमडलेलं टोक

स्फटिकाला चिकटपट्टी लावून पापुद्रे सोलत सोलत तीन अणूंइतका पातळ थर काढायचा, हे आमच्या प्रयोगशाळेत फक्त मला जमायचं. असा एकटा थर लेझरखाली लाल उजळतो. खाली दुसरा चिकटून राहिला की मंदावतो. माझे दहातले दोन उजळायचे. बाहेरच्या मालावर जबर कर होता, म्हणून तेवढ्यावरही माझा तोरा चालायचा.

यंदा कर उठला आणि तयार थरांची परदेशी डबी आली. दहाच्या दहा उजळले.

"याला म्हणतात हात!" सर म्हणाले.

माझा नुसता जळफळाट झाला. "यंत्राने काढले असतील, सर. हाताने जमतंय होय असं?"

सर गेल्यावर खोट शोधायला मी डबी उलटीपालटी केली. तळाशी चिकटपट्टीचा एक तुकडा राहिला होता. चिमटीत धरता यावं म्हणून त्याचं टोक दोनदा दुमडलेलं होतं. ही माझी सवय. पूर्वी शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या एकीलाच मी ती शिकवली होती. आणि तिचे दहातले पाच उजळायला लागले, तेव्हा सरांच्या कानाला मीच लागले होते, "हिचा हात थरथरतो, सर. हिला काढा."